नमुना क्रमांक तीनमधले रायिम सुतार

शेतकी शिक्षण हा देशाचा पाया आहे, असं ओतानियोझ मतचानोव यांचं बावीस वर्षं ठाम मत होतं. ते त्यांनी सहा अहवालांत आणि अकरा प्रस्तावनांत लिहून ठेवलं होतं. स्वतः ते शेतात शेवटचे गेले ते चौथीत असताना, सहलीची बस वाटेत थांबली तेव्हा, आणि तेही आडोशापुरते.

खोरेझम प्रांतातल्या एका तालुक्याच्या शेतकी कॉलेजात अभ्यासक्रम विभाग नावाचा एक विभाग होता. त्यात एक कपाट, एक किटली आणि ओतानियोझ दोमला होते. दोमला म्हणजे मास्तर. एखादा शिकवत नसला तरी चेहरा तसा असला की लोक म्हणतात. विभागाचं काम सोपं होतं. राजधानीतून अभ्यासक्रम यायचा, दोमला त्यावरचं साल खोडून नवं घालायचे आणि कपाटात ठेवायचे. पहिल्या पानावर ‘संकलक’ या शब्दापुढे दर वर्षी कुणातरी परक्या माणसाचं नाव असायचं. दोमला ते नाव दर वर्षी वाचायचे. जरा जास्त वेळ वाचायचे.

आणि फेब्रुवारीत पत्र आलं. प्रत्येक कॉलेजानं स्थानिक गरजेचा, स्वतःचा असा एक अभ्यासक्रम तयार करावा. चौदा मार्चला प्रांताची समिती तपासायला येईल. पसंत न पडल्यास शेतकी शाखेचा ‘विचार केला जाईल’. सरकारी भाषेत विचार करणं ही गंभीर गोष्ट असते. शेजारच्या तालुक्यातल्या पशुवैद्यक शाळेचा दोन वर्षांपूर्वी असाच विचार केला होता. आता तिथं लग्नं लागतात.

शाखा गेली असती तर दोमलांना शिवणकाम विभागात ‘आगीपासून बचाव’ शिकवावं लागलं असतं. पण खरं सांगायचं तर त्यांची झोप उडवली ती पत्राबरोबरच्या कोऱ्या नमुन्यानं. त्यात ‘संकलक’ या शब्दापुढे काहीच नव्हतं. नुसती रेघ होती, एका नावापुरती.

विषय त्यांना बायकोनं सुचवला. सानोबार खेड्यातली. भाकरीचं पीठ मळता मळता ती म्हणाली, “अहो, लोक मार्चमध्ये काय करतात? मीठ धुतात. तेच शिकवा की.”

हे खरं होतं. खोरेझमची जमीन दर हिवाळ्यात पोटातलं मीठ वर आणते. वसंतात शेतं पांढरी दिसतात आणि बाहेरचा माणूस बर्फ समजून फोटो काढतो. मग वाफ्यांतून पाणी सोडून ते मीठ खाली ढकलायचं. एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी. कधी थांबायचं हे यंत्र सांगतं, पण यंत्र जिल्ह्याला एक आहे आणि ते दुरुस्तीला आहे. म्हणून म्हातारी माणसं चिमूटभर माती जिभेखाली ठेवतात आणि सांगतात.

दोमलांनी त्याच दुपारी शीर्षक लिहिलं: ‘मातीची चव : क्षार ओळखण्याची पारंपरिक पद्धत. छत्तीस तास.’ मग त्याखाली दोन रेघा मारल्या, कारण तेवढंच माहीत होतं.

शेजारचे एर्नाफास आगा निवृत्त पंपचालक. त्यांना सगळ्यातलं कळायचं, आणि ज्यातलं कळायचं नाही त्यातलं जास्त कळायचं. ते कुंपणावरून म्हणाले, “छत्तीस तास माती चाटायची? दोमला, आमच्या व्याह्यानं लग्नातला पुलाव सव्वा तासात संपवला, आणि तो तर पुलाव होता.”

“सिद्धान्त बारा तास आहे, आगा. प्रात्यक्षिक चोवीस.”

“सिद्धान्त काय? तोंड उघडा, तोंड मिटा.”

दोमलांनी खिडकी लावून घेतली. पण त्या दिवशी सिद्धान्ताच्या रकान्यात त्यांना खरोखर दुसरं काही सुचलं नाही.

नमुन्याबरोबर सूचनांची पुस्तिका होती. प्रत्येक प्रात्यक्षिकाला ‘प्रत्यक्ष काम करणारा तज्ज्ञ’ हवा, आणि मातीचे तीन प्रमाणित नमुने हवेत. क्रमांक एक अतिक्षारी, क्रमांक दोन मध्यम, क्रमांक तीन क्षारमुक्त. क्षारमुक्त नमुना ‘परिसरातील सर्वांत उंच जागेवरून’ घ्यावा, असं ठळक छापलं होतं. पुस्तिका राजधानीत लिहिलेली. तिथं खिडकीतून डोंगर दिसतात.

प्रयोगशाळेत इंतिझोर नावाची मदतनीस बाई होती. कामाला चोख, बोलायला कमी. दोमलांनी पुस्तिकेतली वाक्यं तिला जशीच्या तशी उतरवून दिली, आणि तिनं दोन दिवसांत तीन पिशव्या आणून ठेवल्या. प्राचार्य कलंदर सापायेविच यांनी स्वतः लाख लावून त्या मोहोरबंद केल्या, मालमत्तेच्या रजिस्टरात चढवल्या. तेव्हापासून ती माती सरकारची झाली.

तज्ज्ञ मात्र मिळेना. चव घेणारे सगळे म्हातारे एक तर वारले होते, नाहीतर दात बसवून घेतल्यापासून निवृत्त झाले होते. उरल्या होत्या पोश्शाजान मोमो. वय ब्याऐंशी, सगळं गाव त्यांना मोमो, म्हणजे आजी, म्हणायचं आणि त्यांच्या जिभेला घाबरायचं. दोमलांनी त्यांचा फॉर्म भरला.

“शिक्षण?”

“कुणाचं?”

“तुमचं, मोमो.”

“झालं नाही.”

“अनुभव?”

“चौदाव्या वर्षी सासूनं पहिल्यांदा तोंडात माती घातली. तिथून मोजा.”

दोमलांनी अडुसष्ट वर्षं लिहिलं. “कामाचं ठिकाण?”

मोमोंनी जरा विचार केला. “तोंड,” त्या म्हणाल्या.

दोमलांनी तेही लिहिलं. अशा वेळी वाद घातला की फॉर्म फाटतो.

नमुन्यांच्या प्रमाणपत्रासाठी प्राचार्यांनी आपल्या हातानं लाख फोडली. मोमोंनी पहिल्या पिशवीतली चिमूट जिभेखाली ठेवली, डोळे मिटले आणि रुमालात थुंकल्या. “खारट. तीन पाणी.” दुसरी. “कडवट. दोन पाणी, आणि कापूस लावू नका, रुसेल.” दोमला भराभर लिहीत होते. अभ्यासक्रम डोळ्यांदेखत शास्त्रीय होत होता.

तिसऱ्या पिशवीतली चिमूट मोमोंनी तोंडात घातली आणि त्या थांबल्या. बाहेर कालव्याचं पाणी सोडल्याचा आवाज येत होता, तोही मध्येच ऐकू येईनासा झाला. मग त्यांनी चिमूट थुंकली नाही. तळहातावर काढून पुन्हा पिशवीत ठेवली, डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला आणि पिशवीला सलाम केला.

“कसं आहे, मोमो? क्षारमुक्त?” दोमलांनी विचारलं.

“बरा आहे,” मोमो म्हणाल्या. “पण रायिम सुताराला इथं कशाला आणलंत?”

रायिम सुतार वारून नऊ वर्षं झाली होती.

प्राचार्य म्हणाले, की वयोमानानं होतं असं. दोमला म्हणाले, की जीभ हा तसा नाजूक अवयव. दोघंही बोलताना पिशवीकडे पाहत नव्हते. मोमोंनी पाणी मागितलं. “भुसा लागतो जिभेला,” त्या म्हणाल्या. “अक्रोडाचा. आणि बाजूला एक बाई आहे. ती बोलत नाही.”

इंतिझोरला बोलावलं. दोमलांनी पुस्तिका पुढं केली. “नमुना तीन कुठून घेतला?”

“सर्वांत उंच जागेवरून.”

“म्हणजे?”

“दोमला, आपल्या तालुक्यात उंच जागा एकच आहे.”

दोमला खुर्चीवर बसले. खोरेझम परातीसारखं सपाट. हातभर खणलं की पाणी लागतं, म्हणून इथं माणसाला जमिनीखाली ठेवत नाहीत. वर ठेवतात, विटांची कमान करतात, त्यावर माती घालतात. पिढ्यान्‌पिढ्या घालतात. कबरस्तान हाच तालुक्याचा डोंगर.

“अगं पण तू कशी घेतलीस?” प्राचार्य म्हणाले.

“तुमच्या कागदावर लिहिलं होतं. आणि मी विचारून घेतली.”

“कुणाला विचारून?”

“तिथं जे होते त्यांना,” इंतिझोर म्हणाली आणि बरण्या पुसायला लागली.

आता साध्या माणसानं पिशवी उचलून गुपचूप परत नेऊन ठेवली असती. पण पिशवी रजिस्टरात होती. रजिस्टरातून वस्तू काढायला निर्लेखनाचा कागद लागतो, आणि त्यात कारणं तीनच छापलेली आहेत: खराब झाली, चोरीला गेली, वापरून संपली. ‘घरच्यांनी मागितली’ असा रकाना नाही. शिवाय समिती नऊ दिवसांवर आली होती आणि तीन नमुन्यांपैकी दोन दाखवले असते तर शाखेचा विचार झालाच असता. म्हणून प्राचार्यांनी ती पिशवी पुन्हा मोहोरबंद केली. दोमलांनी मोहोर गरम असतानाच मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक थोराड माणूस टोपी हातात घेऊन उभा. रायिम सुतारांचा मुलगा बोल्ताबाय. आता तोही सुतारकी करतो.

“दोमला, बाबा तुमच्याकडे आहेत म्हणे.”

याला काय उत्तर द्यावं, हे सूचना-पुस्तिकेत नव्हतं. दोमला म्हणाले, “ते सध्या मोहोरबंद आहेत.”

“भेटता येईल का?”

दोमलांनी भेटू दिलं. बोल्ताबाय प्रयोगशाळेत कपाटासमोर स्टुलावर बसला आणि पंधरा मिनिटं पिशवीला घरची खबरबात सांगत राहिला: नातीचं लग्न ठरलं, करवत नवी घेतली, विहिरीचं पाणी यंदा जास्तच खारं आहे. मग उठून म्हणाला, “बाबांना थोडी हवा द्या, जमलं तर.” दोमलांनी खिडकी उघडली. उघडल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण उघडली.

तिथून बातमी गावभर झाली. मधल्या सुट्टीत लोक यायला लागले. एक आजीबाई तर बोलत नसलेली बाई आपली नणंद असेल म्हणून आल्या, कारण नणंद आयुष्यभर बोलली नव्हती. एर्नाफास आगा दारातून सल्ला देऊन गेले. “वास दाखवा, दोमला. गुरुवार आहे. वास दाखवल्याशिवाय कसं?” मेलेल्या माणसांना जेवण पोचत नाही पण तळणीचा वास पोचतो, म्हणून घरोघर गुरुवारी तेल तापवून पिठाचे गोळे तळतात. इंतिझोरनं ते प्रयोगशाळेच्या बर्नरवर तळले. कलंदर सापायेविच ओरडत आले, की हे आगीच्या नियमांत बसत नाही, आणि चार गोळे खाऊन गेले. दोमलांनी कागदावर ‘औष्णिक प्रयोग, दोन तास’ अशी नोंद केली. छत्तीस तास भरायचे होतेच.

शुक्रवारी भिंत दिसली.

वसंतात खोरेझमच्या भिंतींवर मीठ चढतंच. कंबरेपर्यंत पांढरा पट्टा येतो, तो खरवडतात, पुढच्या वर्षी पुन्हा येतो. पण प्रयोगशाळेच्या पश्चिमेच्या भिंतीवर, कपाटाच्या मागे, मीठ दोन उभ्या रेघांत चढलं होतं आणि त्या रेघांमध्ये वीतवीतभर अंतरावर आडव्या रेघा होत्या. इथं माणसाला शिडीवर ठेवून कबरस्तानात नेतात आणि शिडी थडग्यावरच टाकून येतात. तालुक्यातल्या लहान पोरालाही ती आकृती कळते. दोमलांनी ओल्या फडक्यानं पुसली. सोमवारी ती एक पायरी वर होती.

“मीठ आहे,” दोमला म्हणाले.

“मीठच आहे,” इंतिझोर म्हणाली. “चढतं दर वर्षी. पायऱ्या पाडून नाही चढत.”

घरी सानोबारनं त्यांना जेवायला वाढलं आणि बाजूला एक रिकामा पेला ठेवला. “हा कुणाला?” त्यांनी विचारलं. “तुमच्या अंगाला लाकडाचा वास येतोय,” ती म्हणाली. एवढंच. दोमला एम.ए. होते, शिवाय सक्तीचा नास्तिकवाद तीन सत्रं शिकलेले. त्यांनी सदऱ्याचा वास घेतला आणि सदरा बदलला. नव्या सदऱ्यालाही तोच वास येत होता. त्यांनी अभ्यासक्रम काढला आणि पहिल्या पानावर, ‘संकलक’ या शब्दापुढच्या रेघेवर, ‘ओ. मतचानोव’ असं लिहिलं.

चौदा मार्चला समिती आली. तिघं होते, त्यांतल्या दोघांचं काम मान हलवणं. अध्यक्ष मुकद्दस ताजियेवना या करड्या कोटातल्या बाई. त्यांनी चौतीस कॉलेजं तपासली होती आणि एकालाही शाबासकी दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. प्रयोगशाळेचं दार उघडेना. प्राचार्यांनी खांदा लावला, मान हलवणाऱ्या दोघांनी लावला, तेव्हा ते करकरत उघडलं. आत मोमो बसल्या होत्या तज्ज्ञ म्हणून, आणि कोपऱ्यात बोल्ताबाय, नातेवाईक म्हणून. प्राचार्यांनी त्याची ओळख ‘स्थानिक उद्योगाचे प्रतिनिधी’ अशी करून दिली.

बाईंनी अभ्यासक्रमाची बेचाळीस पानं उभ्यानं वाचली. मग चष्मा काढला.

“कागद बरा आहे. पण ही पद्धत शिकता येते, याला पुरावा काय? या आजी जन्मजात चाखतात. मला शिकलेला माणूस दाखवा.”

“अजून कुणी शिकलं नाही,” प्राचार्य म्हणाले. “मंजुरीनंतर…”

“ज्यानं लिहिलंय तो तरी शिकला असेल,” बाई म्हणाल्या. “संकलक कोण?”

खोलीत सगळ्यांनी दोमलांकडे पाहिलं. बावीस वर्षांत ‘संकलक’ म्हटल्यावर कुणी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. त्या एका क्षणाला, बाकी काहीही असो, त्यांना बरं वाटलं. मग पुढचं लक्षात आलं.

पहिली चिमूट त्यांनी जिभेखाली ठेवली. “खारट. तीन पाणी.” बाईंनी मोमोंकडे पाहिलं; मोमोंनी मान हलवली. दुसरी. “कडवट. दोन पाणी.” बरोबर. यात शिकण्यासारखं खरंच काही होतं तर. बेचाळीस पानं लिहिताना हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

इंतिझोरनं तिसऱ्या पिशवीची मोहोर फोडली. दोमलांनी चिमूट घेतली. हात त्यांचाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा वाटत होता. माती जिभेखाली गेली. आधी काहीच नाही. मग थोडी गोडी. मग अक्रोडाच्या भुशाचा वास, नाकात नाही, घशात. आणि गुडघ्यात एक जुनी कळ, जी त्यांना कधीच नव्हती.

“बोला,” बाई म्हणाल्या.

‘क्षारमुक्त’ एवढा एकच शब्द बोलायचा होता. दोमलांनी तोंड उघडलं आणि सावकाश, जरा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “खालची बिजागरी उलटी बसली या दाराची. माझीच चूक. सोमवारी येऊन लावतो म्हणालो होतो.”

मान हलवणारे दोघं हलवायचे थांबले. कोपऱ्यातून बोल्ताबाय हळूच म्हणाला, “बाबा रविवारी गेले.”

“थुंका, दोमला,” मोमो म्हणाल्या. “गिळू नका.”

दोमला थुंकले. पुढं खूप दिवस ते सगळ्यांना पटवत राहिले, की दार अडतं हे तर सगळ्यांनीच पाहिलं होतं, आणि दार कुणी केलं हेही गावात सगळ्यांना ठाऊक असेल, मग माणसाच्या तोंडून निघतं एखादं वाक्य. बिजागऱ्यांतलं त्यांना काय कळतं, असं कुणी विचारलं की ते चहा मागवायचे.

त्या दिवशी मात्र कलंदर सापायेविच यांनी घसा साफ केला. “नोंदवायला हरकत नाही,” ते म्हणाले. “क्षारमुक्त.”

मुकद्दस ताजियेवनांनी खुर्चीवर बसून तीन ठिकाणी सह्या केल्या. एकही प्रश्न विचारला नाही. मग त्यांनी पाणी मागितलं आणि पेलाभर पाण्यानं चूळ भरली. माती त्यांनी चाखली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोमलांनी निर्लेखनाच्या कागदावर ‘वापरून संपली’ यापुढे खूण केली. पिशवीत आठशे ग्रॅम माती होती. बोल्ताबाय म्हणाला, बाबांना कुणी पिशवीतून नेलेलं त्यांना चालणार नाही, म्हणून त्यानं नवी शिडी केली, पुऱ्या लांबीची, आणि आठ जणांनी खांदा दिला. पुढून दोमला होते. वाटेत एर्नाफास आगा सामील झाले आणि पावलं कशी टाकायची ते सांगत राहिले. दोन्ही बाजूंच्या वाफ्यांत पाणी सोडलेलं होतं, त्यात ढग दिसत होते, आणि शिडी दिसत होती. पाण्यातल्या शिडीवर नक्की काय होतं ते दोमलांनी पाहिलं नाही. आठशे ग्रॅमच्या मानानं खांदा मात्र फार दुखला. आठही जणांनी तक्रार केली.

टेकडीवर मोमोंनी माती दोन ढिगांत वेगळी केली, एक इकडे, एक चार पावलं तिकडे, त्या न बोलणाऱ्या बाईचा, बोटानं, न चाखता. शिडी थडग्यावर ठेवली. उतरताना बोल्ताबायनं दोमलांचा हात धरून दाबला. “पुढच्या वर्षी मुलाला तुमच्याकडेच घालतो, दोमला. माती शिकू दे त्याला.” दोमलांच्या डोळ्यांत पाणी आलं. अभ्यासक्रमाला पहिला विद्यार्थी मिळाला होता.

दोन एप्रिलला मंजूर अभ्यासक्रम टपालानं आला. प्रत्येक पानावर गोल शिक्का होता. पहिल्या पानावर ‘संकलक : ओ. मतचानोव’ असं छापलं होतं, एकही चूक नव्हती. सोबत एक जोडपत्र होतं. या कॉलेजची शेतकी शाखा एक जानेवारीपासूनच बंद झालेली आहे, असं त्यात म्हटलं होतं.